प्रमुखांची सुरक्षा-फेरी : उपस्थात्याचे ऐकणार कोण?

चिकित्सेचे चार पाद आपण सर्वांनी पहिल्या वर्षापासून मुखोद्गत केलेले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायात प्रत्येक पादाचे चार-चार गुण सांगितले आहेत. उपस्थात्याच्या ठायी उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे गुण अपेक्षिले आहेत. रुग्णाच्या गुणांमध्ये मात्र अभीरुत्व आणि ज्ञापकत्व असे दोन गुण येतात. रुग्णाने भिऊ नये आणि आपल्यास काय होत आहे ते वैद्यास सांगता यावे, असा त्यांचा सरळ अर्थ. आजच्या रुग्णालयाचा विचार करता हे दोन गुण उपस्थात्याच्या ठायीही तितकेच आवश्यक झाले आहेत, असे आमचे मत आहे. पूर्वी वैद्य स्वतः रुग्णाजवळ बसून कर्म करीत असे. आज पंचवीस-तीस खाटांच्या पंचकर्म रुग्णालयातही वैद्य रुग्णाजवळ दिवसातून दहा मिनिटे असतो. उरलेला सर्व वेळ रुग्ण सिस्टर, मावशी, मामा आणि कंपाउंडर यांच्या हाती असतो. कोठे काय चुकता चुकता राहिले हे त्यांना ठाऊक असते, वैद्यास नसते. ते त्यांनी सांगावे कोणास, आणि सांगितल्यावर पुढे काय व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील रुग्णालयांमध्ये बरेच काम झाले आहे. त्यातील एक पद्धत अशी की, रुग्णालयाचे सर्वोच्च अधिकारी ठरावीक दिवशी वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, औषधालयात स्वतः जातात आणि तेथे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांशी केवळ रुग्णसुरक्षेविषयी बोलतात. तिकडे तिला ‘लीडरशिप वॉकराउंड्स’ म्हणतात. आपण तिला सुरक्षा-फेरी म्हणू. ‘राउंड’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे खरा. पण आपल्या राउंडमध्ये मोठे सर बोलतात आणि बाकीचे मान डोलावून लिहून घेतात. येथे प्रकार नेमका उलटा असल्याने वेगळा शब्द बरा.

पार्श्वभूमी

बोस्टन येथील डेना-फार्बर कर्करोग संस्थेत १९९४ साली बेट्सी लेहमन या महिला रुग्णाचा मृत्यू झाला. त्या बोस्टन ग्लोब या वृत्तपत्रात आरोग्यविषयक स्तंभलेखन करीत असत. सायक्लोफॉस्फामाइड या तीव्र औषधाची चार दिवसांत मिळून द्यावयाची एकूण मात्रा त्यांना प्रतिदिनी, अशी चार दिवस देण्यात आली. म्हणजे चौपट मात्रा झाली. ही मात्रा अनेक जाणत्या व्यक्तींच्या हातांखालून गेली होती. आपल्या शरीरात काही विपरीत घडत आहे असे रुग्णा स्वतः सांगत होती. तरीही प्रमाद उघडकीस आला तो मृत्यूनंतर सुमारे दहा आठवड्यांनी, आणि तोही संशोधनाच्या नोंदी भरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या लक्षात आल्यामुळे. ज्ञापकत्व रुग्णाच्या ठायी होते; ऐकणाऱ्याच्या ठायी काय होते हा प्रश्न त्यानंतर सर्वत्र विचारला गेला.

पुढे १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेचा ‘टु एर इज ह्यूमन’ हा अहवाल आला. टाळता येण्याजोग्या वैद्यकीय प्रमादांमुळे त्या देशाच्या रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत असा अंदाज त्यात मांडला होता. या आकड्यांवर नंतर पुष्कळ वाद झाला, परंतु अहवालाचा मुख्य सिद्धान्त टिकला. बहुतेक प्रमाद हे दुष्ट वा अडाणी माणसांमुळे घडत नाहीत. चांगल्या माणसांना सदोष व्यवस्थेत काम करावे लागल्यामुळे घडतात. आपणास हे फारसे नवीन वाटू नये. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्तीच्या व्यापदांचा विचार करताना नेत्राचे दोष वेगळे, बस्तिपुटकाचे दोष वेगळे आणि बस्ती देणाऱ्याचे दोष वेगळे सांगितले आहेत. व्यापद झाली की ‘कोणी केले’ एवढेच विचारून थांबू नये, यंत्रात काय उणे होते हेही पाहावे, हा विवेक तेथे स्पष्ट दिसतो.

बोस्टनमधीलच ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात जानेवारी २००१ मध्ये डॉ. अॅलन फ्रँकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरक्षा-फेऱ्यांची ही पद्धत सुरू केली. डॉ. फ्रँकेल मुळात भूलशास्त्राचे तज्ज्ञ. त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तानुसार सुरुवातीच्या काळात ४७ फेऱ्यांतून रुग्णालयाच्या ४८ विभागांना भेटी दिल्या गेल्या आणि कर्मचाऱ्यांच्या ४३२ सूचना वा तक्रारी नोंदविल्या गेल्या. फेरीत एक वरिष्ठ अधिकारी, रुग्णसुरक्षेचे काम पाहणारी व्यक्ती आणि लिहून घेणारा एक जण असे. आरंभीच स्पष्ट सांगितले जाई की येथे व्यक्तीचा दोष शोधावयाचा नसून व्यवस्थेतील छिद्रे शोधावयाची आहेत. नंतर प्रश्न विचारले जात. अलीकडे कोणा रुग्णाला इजा होता होता टळली काय? कोणत्या कारणाने रुग्णास अधिक दिवस राहावे लागले? आम्ही अधिकाऱ्यांनी कोणती एक गोष्ट केली तर तुमचे काम अधिक निर्धोक होईल? आलेली प्रत्येक सूचना नोंदवून तिचे कारणानुसार वर्गीकरण होई, ती कोणी सोडवावयाची हे ठरे आणि सांगणाऱ्यास उत्तर कळविले जाई.

शेवटच्या दोन पायऱ्या सहज वाचून पुढे जाण्यासारख्या वाटतात. सर्व मर्म तेथेच आहे.

अनुभव काय सांगतो?

पद्धत लोकप्रिय झाली. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून राबविलेल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा कार्यक्रमात तिचा समावेश झाला, इतर देशांनीही ती उचलली. लोकप्रिय गोष्ट उपयुक्त असतेच असे नाही. म्हणून तिची परीक्षाही झाली, आणि त्या परीक्षेचे निष्कर्ष आपल्या वैद्यवर्गाने मुद्दाम लक्षात घ्यावेत असे आहेत.

एरिक थॉमस व सहकाऱ्यांनी २००५ साली एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातील २३ विभागांची यादृच्छिक विभागणी करून तुलना प्रसिद्ध केली. ज्या परिचारिका स्वतः फेरीत सहभागी झाल्या त्यांचे सुरक्षिततेविषयीचे मत अधिक अनुकूल आढळले. सर्व कर्मचारी एकत्र धरले असता मात्र दोन गटांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. याचा अर्थ, मोठे साहेब मजल्यावर येऊन गेले एवढ्याने मजला बदलत नाही. ज्याच्याशी ते बोलले त्याच्यापुरताच परिणाम होतो.

त्याहून बोचरा निष्कर्ष अनिता टकर व सारा सिंगर यांच्या अभ्यासाचा आहे. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १९ रुग्णालयांतील ५६ कार्यविभागांत अठरा महिने असा कार्यक्रम राबविला गेला : अधिकाऱ्यांनी यावे, काम पाहावे, अडचणी विचाराव्यात आणि कर्मचाऱ्यांसह सोडवाव्यात. सरासरीने पाहता परिणाम प्रतिकूल झाला! मग खोलात जाऊन पाहिले असता भेद दिसून आला. ज्या विभागांनी सोप्या, लवकर सुटणाऱ्या अडचणी आधी हाती घेतल्या तेथे सुधारणा झाली. ज्यांनी ‘आधी महत्त्वाचे, मोठे प्रश्न’ असे ठरविले त्यांना यश आले नाही. तसेच, अडचण सुटेपर्यंतचे उत्तरदायित्व ज्या ठिकाणी वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतःकडे घेतले तेथे परिणाम चांगला होता.

आम्हांस हा निष्कर्ष अत्यंत पटतो. आपली शिकवण मूळ हेतूकडे जाण्याची, निदानपरिवर्जनाची. त्यामुळे किरकोळ गोष्टीत काय वेळ घालवावयाचा, असे आपणास सहज वाटते. परंतु येथे रुग्ण कोण आहे याचा विचार करावा. येथे रुग्ण म्हणजे कर्मचाऱ्यांचा विश्वास, आणि तो क्षीण असताना तीक्ष्ण शोधन देऊन चालत नाही. विचारले, सांगितले, आणि आठ दिवसांत बाथरूमजवळ लोखंडी दांडा बसला, एवढे पाहिल्यावर मावशी पुढील वेळी मोठी गोष्ट सांगतील. विचारले, सांगितले, आणि सहा महिने काहीच झाले नाही, तर पुढच्या वेळी त्या काहीही सांगणार नाहीत; आणि फेरी सुरू होण्यापूर्वी सिस्टरच्या कानावर ज्या गोष्टी त्या घालीत होत्या, त्याही घालेनाशा होतील. न विचारलेले बरे, अशी अवस्था येते.

याच दिशेने ब्रायन सेक्स्टन व सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास जातो. मिशिगन राज्यातील ३१ रुग्णालयांच्या पाहणीत, फेरीनंतर काय केले हे जेथे कर्मचाऱ्यांना कळविले जात होते तेथे सुरक्षिततेचे वातावरण चांगले आणि कामाचा थकवा कमी आढळला. अशा पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे खरे, परंतु वरील निष्कर्षाशी तो जुळतो.

आपल्या रुग्णालयात काय ऐकू येईल?

बोस्टनचे रुग्णालय कोठे आणि आपले तळमजला अधिक एक मजल्याचे पंचकर्म रुग्णालय कोठे, अशी शंका वाचकांच्या मनात आली असेल. आमच्या मते लहान रुग्णालयास ही पद्धत अधिक सोयीची आहे. तेथे अधिकाऱ्यांची उतरंड असते. येथे मालक, मुख्य वैद्य आणि खर्चाला मंजुरी देणारा बहुधा एकच असतो. दांडा बसवावयाचा तर समितीची बैठक नको, सुताराला दूरध्वनी पुरतो. अडचण एवढीच की ज्याच्या हाती सर्व आहे त्याच्यासमोरच कोणी बोलत नाही.

पंचकर्म विभागाचा विचार करू. अभ्यंगाच्या द्रोणीपासून स्नानगृहापर्यंतची सात-आठ पावले हा आमच्या मते सर्वांत धोक्याचा भाग. रुग्ण वातव्याधीचा, वयस्क, पायांत बळ कमी, तळपायांस तेल लागलेले, जमिनीवर तेलाचे थेंब. पक्षाघाताचा रुग्ण येथे पडून खुब्याचे हाड मोडले, तर महिनाभराच्या बस्तींचे सर्व श्रेय त्या एका क्षणात जाते. किती रुग्ण पडता पडता सावरले गेले हे केवळ तेल लावणाऱ्या मामांनाच माहीत असते, कारण सावरणारे हात त्यांचे असतात. केसपेपरावर अशा घटनेची नोंद होत नाही. स्वेदनपेटीचे तापमान-नियंत्रण बिघडले असेल तर तेच मामा हात घालून अंदाज घेत असतात, आणि मधुमेहामुळे ज्याच्या त्वचेची संवेदना मंदावली आहे असा रुग्ण आत बसलेला असतो.

विरेचनाच्या दिवशीची रात्र घ्या. वेग थांबले आहेत असे समजून वैद्य घरी गेलेले आहेत. रात्री अकरानंतर रुग्णास पुन्हा दोन वेग होतात, तो एकटा उठतो, चक्कर येते. मजल्यावर एकच मावशी आहेत आणि त्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत आहेत. ही गोष्ट सकाळच्या राउंडमध्ये ‘रात्री ठीक होते’ एवढ्या तीन शब्दांत येते. म्हणून सुरक्षा-फेरी कधीतरी रात्रपाळीतही व्हावयास हवी. तीही आधी सांगून, नाहीतर झोपलेल्यांना पकडावयास सर आले असाच अर्थ होईल.

त्याहून गंभीर बाब म्हणजे मधुमेहाचा रुग्ण स्नेहपानावर किंवा विरेचनाच्या दिवशी लंघनावर असताना त्याच्या नेहमीच्या इन्सुलिनचे वा गोळ्यांचे काय करावयाचे, याची लेखी सूचना. ती नसेल तर रुग्ण घरून आणलेली गोळी सवयीने घेतो आणि दुपारी घामाघूम होतो. घाम स्नेहाचा की साखर उतरल्याचा, हा निर्णय त्या क्षणी सिस्टरला एकटीने करावा लागतो. रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र जवळ आहे काय, त्याच्या पट्ट्या शिल्लक आहेत काय, मुदत संपलेली नाही ना, ही माहिती तिलाच विचारली पाहिजे. चरकाचार्यांनी उपकल्पनीय अध्यायात वमन-विरेचनापूर्वी सर्व संभार जमविण्यास सांगितले, त्यामागील युक्ती हीच की आणीबाणीच्या वेळी बाजारात जाऊन वस्तू आणणे सुलभ नसते. आमच्या पाहण्यातील अनेक ठिकाणी हा संभार यादीत असतो, कपाटात नसतो. आणि हा भेद कपाट उघडणाऱ्यालाच ठाऊक असतो.

औषधवितरणाच्या खिडकीवरील गोष्टी निराळ्या. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांच्या बरण्या शेजारी-शेजारी असतात. एकात भस्मे आहेत, दुसऱ्यात नाहीत. अभयारिष्ट आणि अशोकारिष्ट यांच्या बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या वेष्टनाच्या, आणि घाईत लिहिलेल्या चिठ्ठीवर दोन्ही शब्दांचे केवळ पहिले अक्षर व शेवटचे ‘रिष्ट’ वाचता येते. अत्यार्तवाच्या रुग्णेस अभयारिष्ट गेले तर आठ दिवसांनी ती ‘गुण नाही, उलट पोट बिघडले’ म्हणून येईल आणि वैद्य मात्रा वाढवील! इच्छाभेदी रसासारखा जयपालयुक्त कल्प जेथे ठेवला आहे तेथे शेजारी काय आहे, हे प्रत्येक रुग्णालयाने एकदा तरी पाहावे. सुट्या चूर्णांच्या पुड्या बांधताना वर नाव लिहिले जाते काय? नस्याचे तेल आणि बाह्य अभ्यंगाचे तेल एकाच प्रकारच्या लहान बाटल्यांत काढून ठेवले जाते काय? चिठ्ठी वाचता आली नाही तर कंपाउंडर वैद्यास विचारतो की अंदाजाने देतो, आणि विचारले असता मागच्या वेळी त्यास काय उत्तर मिळाले होते? हा शेवटचा प्रश्न आमच्या मते साऱ्या फेरीतील सर्वांत मोलाचा आहे.

फार्मसीचालकांसाठी

औषधनिर्मितीच्या ठिकाणी फेरीचे स्वरूप थोडे बदलते. परिशिष्ट ‘टी’ नुसार उत्तम निर्माण पद्धतीचे नियम २००० सालापासून आपणांस लागू आहेत, तपासण्या होतात, कागद पूर्ण असतात. परंतु तपासणी आणि सुरक्षा-फेरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. तपासणीच्या दिवशी कारखाना कसा असावा तसा असतो. फेरीत तो मंगळवारी दुपारी कसा असतो ते समजून घ्यावयाचे असते.

येथे विचारण्याजोगे पुष्कळ आहे. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धोत्र्याचे बीज यांसारखी परिशिष्ट ‘ई-१’ मधील द्रव्ये शोधनापूर्वी व शोधनानंतर कोठे ठेवली जातात? शुद्ध आणि अशुद्ध यांची पोती वा डबे केवळ खडूच्या अक्षरांनी ओळखले जात असतील, तर खडू पुसला जातो. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसास डबा कोणत्या कोपऱ्यात आहे यावरूनच तो कोणता हे कळते. तो आठ दिवस गावी गेला की नवा मुलगा काय करतो? पेषणयंत्र आणि चाळणी दोन कल्पांच्या मध्ये स्वच्छ करण्यास किती वेळ लागतो, आणि दिवाळीपूर्वीच्या गर्दीत तेवढा वेळ खरोखर मिळतो काय? दळणाऱ्या कामगारास आदल्या कल्पाचा वास पुढच्या चूर्णास येत असल्याचे कधी जाणवले काय? असा वास जाणवण्यास प्रयोगशाळा लागत नाही, पण तो सांगितला तर सबंध घाण टाकून द्यावा लागेल हे त्या कामगारास माहीत असते. तो टाकून द्यावयाचा खर्च मालक हसतमुखाने सोसतो की नाही, हे एकदा दिसले की पुढील दहा वर्षांचे बोलणे ठरून जाते.

बोलते कसे करावे?

पहिल्या फेरीत ‘तसे काही नाही, सर’ हेच उत्तर येईल. त्यावरून सर्व आलबेल आहे असा निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडावर उणे काढणे हा उद्धटपणा समजला जातो, आणि नोकरीची धास्ती तर आहेच. मावशींना ‘काही धोका वाटतो का’ असे विचारले तर त्या संकोचतात. त्याऐवजी प्रश्न स्थळाशी बांधावा. “मावशी, या खोलीत उद्या एखादा पेशंट पडलाच, तर कोठे पडेल?” असे विचारले की बोट आपोआप एका जागेकडे वळते. कंपाउंडरला “कोणत्या दोन बरण्यांची तुमचीसुद्धा गल्लत होऊ शकते?” असे विचारावे, ‘तुमचीसुद्धा’ या शब्दात त्याच्या अनुभवाचा मान आहे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. आपल्या वैद्यवर्गास हे थांबणे फार जड जाते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. उत्तर अर्धे येते न येते तोच आपण त्याचे स्पष्टीकरण देऊ लागतो, आणि मग संभाषणाचे व्याख्यान होते.

फेरीत मुख्य वैद्याबरोबर एकच लिहिणारा असावा. पाच-सहा जणांचा लवाजमा आला की ती पाहणी होते. वेळ अर्ध्या तासाहून अधिक नको. रुग्णासमोर बोलू नये. सांगणाऱ्याचे नाव वहीत लिहू नये, केवळ विभाग व दिनांक लिहावा. अमेरिकेत रुग्णालयाच्या अशा अंतर्गत सुरक्षा-नोंदींना काही प्रमाणात कायद्याचे संरक्षण मिळते. आपल्याकडे तसे गृहीत धरून चालू नये. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आल्या तेव्हापासून लिहून ठेवण्याविषयी आपल्या मनात भीती आहे. तथापि, ‘स्नानगृहाजवळ दांडा नाही, बसवावा’ ही नोंद आणि तिच्यापुढे ‘बसविला’ ही दुसरी नोंद असणे हे काळजी घेतल्याचेच चिन्ह होय. ज्या रुग्णास प्रत्यक्ष इजा झाली त्याची गोष्ट निराळी. ती त्याच्या केसपेपरावर सविस्तर यावयास हवी आणि त्यास व त्याच्या आप्तांस सांगितली गेली पाहिजे. फेरीची वही हे ती लपविण्याचे ठिकाण होऊ नये.

मुद्दाम केलेला हलगर्जीपणा, मद्यपान करून कामावर येणे, खोटी नोंद करणे, यांना ही अभयाची भूमिका लागू नाही. अन्यथा प्रामाणिक कर्मचाऱ्यांनाच ती अन्यायाची वाटेल.

औषधामुळे झालेल्या अपायाची शंका फेरीत पुढे आली तर ती रुग्णालयाच्या वहीत अडकून पडू नये. आयुष औषधांसाठी औषधदक्षता कार्यक्रम केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१७-१८ पासून राबविला असून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. संशयित अपायाच्या नोंदीचा नमुना त्यासाठीच आहे. अनेक वैद्यांना आपल्या शास्त्राची निंदा होईल अशी भीती वाटते. आम्हांस मात्र वाटते की व्यापदांवर स्वतंत्र अध्याय लिहिणाऱ्या परंपरेस हा नमुना भरण्याचा संकोच वाटण्याचे कारण नाही. भारत सरकारच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा आराखड्याने (२०१८ ते २०२५) हा विषय सर्व रुग्णालयांपुढे ठेवला, आणि एनएबीएच या संस्थेची आयुष रुग्णालयांसाठीची मानकेही उपलब्ध आहेत. परंतु प्रमाणपत्रासाठी फेरी सुरू केली तर ती प्रमाणपत्र मिळेपर्यंतच चालते, असे सर्वसाधारणपणे दिसून येते.

वहीविषयी एक व्यावहारिक सूचना. तिला चार रकाने पुरतात : काय सांगितले, कोण करणार, कधीपर्यंत, आणि सांगणाऱ्यास कधी कळविले. ‘कोण करणार’ या रकान्यात शक्यतो मुख्य वैद्याचे वा मालकाचेच नाव असावे. ‘मेंटेनन्स’ असे लिहिले की कोणाचेच नाव लिहिले नाही असे समजावे. पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी घ्याव्यात, त्याही आठ दिवसांत आणि हजार-दोन हजार रुपयांत होतील अशा : दांडा, रबरी पायपोस, बरण्यांना मोठ्या अक्षरांची वेगळ्या रंगाची चिठ्ठी. जी गोष्ट करणे शक्य नाही तिचेही उत्तर द्यावे. “रात्री दुसऱ्या मावशी ठेवणे आज परवडत नाही; तोवर विरेचनाचे रुग्ण तुमच्या टेबलाजवळच्या दोन खोल्यांतच ठेवू,” हे उत्तर मावशींना पटते, आणि पुष्कळदा त्याच त्याहून चांगली तोड सुचवितात. पुढची फेरी नव्या प्रश्नाने सुरू करू नये. आधी वही उघडून मागील तीन गोष्टी मोठ्याने वाचाव्यात आणि प्रत्येकीचे काय झाले ते त्याच माणसांसमोर सांगावे, मग नवीन पान घ्यावे.